दोन लार्ज म्हणजे तिथले पाच सिंगल

प्रश्न : मी नाशिकचा, बँकेतून निवृत्त. मुलगा-सून मँचेस्टरला असतात. येत्या जूनमध्ये त्यांनी आम्हा दोघांना घेऊन पाल्माहून सात रात्रींची भूमध्य समुद्रातली क्रूझ बुक केली आहे (पाल्मा स्पेनमध्ये). कंपनी ब्रिटिश, तिकीट ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, म्हणजे दारूसकट सगळं आलं. आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमधला एक मित्र अशीच क्रूझ करून आला. तो म्हणतो, फुकटातलं सगळं पाणचट असतं, वरच्या दर्जाच्या ‘प्रिमियम’ ड्रिंक्स पॅकेजचे पैसे भर. प्रिमियम दिवसाला माणशी २० पौंड आहे आणि खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यावं लागतं. मी संध्याकाळी दोन लार्ज व्हिस्की घेतो, कधीतरी वाइन. पत्नी घेत नाही, पण तिला दिवसातून चार वेळा चहा लागतो. प्रिमियम घ्यावं का? आणि मुंबई विमानतळावरून स्वतःची बाटली नेली तर चालेल का?

उत्तर : तुमच्या मित्राला ते पाणचट लागलं असणार, यात खोटं काही नाही. पण त्यातला निम्मा दोष बाटलीचा नाही, मापाचा आहे.

आपल्याकडे स्मॉल ३० मिली, लार्ज ६०. ब्रिटनमध्ये बारचं कायदेशीर माप २५ किंवा ३५ मिली आहे, आणि ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर नुसती ‘व्हिस्की’ मागितली की सहसा २५ मिली, म्हणजे एक ‘सिंगल’, येते. शिवाय आपल्या देशी व्हिस्कीच्या लेबलवर ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, रोजच्या स्कॉचवर ४०. तुमच्या एका लार्जमध्ये शुद्ध अल्कोहोल पावणेसव्वीस मिलीच्या आसपास, तिथल्या सिंगलमध्ये १० मिली. तुमचे दोन लार्ज म्हणजे तिथले पाच सिंगल. ग्लास तेवढाच, बर्फ काठोकाठ, वर सोडाही तेवढाच; मग ते व्हिस्की दाखवलेलं पाणी वाटणारच. प्रिमियम घेतलं तरी हे माप बदलत नाही. महागडी सिंगल माल्टसुद्धा २५ मिलीच येईल.

म्हणून मागताना ‘डबल’ म्हणा, म्हणजे ५० मिली. बर्फाचे दोनच खडे सांगा आणि सोडा वेगळ्या ग्लासात मागा, ओतायचा तुम्ही. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते. बिअरचंही तेच. आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ची ८ टक्क्यांची सवय जिभेला असेल तर तिथली चार-साडेचार टक्क्यांची लागर फिकी लागेल. ती तशीच असते, त्यात कोणी पाणी घातलेलं नसतं.

आता बाटलीकडे वळू. बारच्या आतल्या बाजूला, बारटेंडरच्या मांडीच्या उंचीवर एक अरुंद पत्र्याचा रॅक असतो. त्यात व्होडका, जिन, रम, व्हिस्की, टकीलाची एकेक बाटली तोंडाला नळी लावून उभी असते. गर्दीत त्याला मागे वळायला वेळ नसतो. तुम्ही ‘जिन अँड टॉनिक’ म्हणालात की हात खाली जातो आणि त्या रॅकमधली, कंपनीने ठोक भावाने घेतलेली सगळ्यात स्वस्त जिन येते. मागच्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीवर ज्या ओळखीच्या बाटल्या दिसतात त्यातल्याही काही तुमच्या साध्या पॅकेजात बसत असतात. पण त्या नावाने मागाव्या लागतात. न मागता त्या कोणी देत नाही, कारण त्या कंपनीला महाग पडतात.

तेव्हा पहिल्या दुपारी, बोट सुटायच्या आधी, बार रिकामा असताना ड्रिंक्सचा मेनू मागून घ्या आणि बारटेंडरला एकच विचारा : यातल्या कोणकोणत्या व्हिस्की माझ्या पॅकेजात येतात? बोटीवर मिळालेलं कार्ड दाखवा, तो यादीवर बोट ठेवून दाखवेल. ब्रिटिश बोटीवर साध्या पॅकेजात बेल्स, फेमस ग्राउज या जातीची ब्लेंडेड स्कॉच मिळेल अशी तयारी ठेवा. ब्रिटनमधल्या पबमध्ये लोक रोज पितात ती हीच. सोड्याबरोबर तिला नावं ठेवण्यासारखं काही नाही. नुसती, पाणीही न घालता चाखत बसणाऱ्याला मात्र ती जहाल लागेल. तुम्ही त्यातले असाल तरच सिंगल माल्टचा विचार करा. ओल्ड मंक मिळेल ही आशा सोडा.

सोड्याबद्दल थोडं, कारण व्हिस्की बिघडते ती बऱ्याचदा त्याच्यामुळे. बारवर पिस्तुलासारखी एक नळी असते, तिला सात-आठ बटणं. कोला, टॉनिक, लेमोनेड, सोडा, साधं पाणी सगळं तिच्यातूनच येतं. खाली गोदामात सिरपच्या पिशव्या असतात. एक भाग सिरपला साधारण पाच भाग गॅस भरलेलं पाणी जागेवर मिसळतं. सिरप संपत आलं की कोला फिका पडतो, गॅसचा सिलिंडर संपत आला की सगळंच बसकं येतं. आणि हे पाणी बहुतेक समुद्राचं असतं. एक तर इंजिनच्या उष्णतेवर कमी दाबात उकळून त्याची वाफ थंड केलेली असते, नाहीतर ते आरओमधून काढलेलं असतं. मग त्यात खनिजं घालतात, क्लोरीन घालतात. प्यायला ते पूर्ण सुरक्षित आहे. पण क्लोरीनचा बारीक वास सोड्यात आणि बर्फात उतरतो, आणि स्वस्त व्हिस्कीत तो लपत नाही. डब्यातला किंवा छोट्या बाटलीतला सोडा पॅकेजात आहे का ते विचारा. असेल तर तोच घ्या. टॉनिक घेणार असाल तर ‘रेग्युलर’ असं स्पष्ट सांगा. ब्रिटिश बारमध्ये बिनसाखरेचं ‘स्लिमलाइन’ सर्रास हातात येतं आणि त्याची मागाहून येणारी कडवट-गोड चव कित्येकांना जिनचीच वाटते.

वाइनमध्ये तुम्ही नाशिककर, म्हणजे तुम्हाला फसवणं तसं अवघड. ऑल इन्क्लुझिव्हमधली वाइन म्हणजे ‘हाउस’ वाइन : एक लाल, एक पांढरी, एक रोझे, फार तर दोन-दोन प्रकार. द्राक्ष साधं असतं, त्याचं दुःख नाही. खरी भानगड उघड्या बाटलीची. ७५० मिलीच्या बाटलीत १७५ मिलीचे चारच ग्लास बसतात. जेवणाच्या हॉलमध्ये ती पाच मिनिटांत संपते. वरच्या डेकवरच्या रिकाम्या बारमध्ये तीच बाटली काल दुपारपासून उघडी असू शकते. हवा लागलेल्या पांढऱ्या वाइनला कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास येतो. लाल वाइन आंबूस, व्हिनेगरकडे झुकलेली लागते. असा ग्लास परत करायला लाजू नका. ‘नवी बाटली उघडाल का?’ एवढंच म्हणा. बारटेंडरचं त्यात काही जात नाही.

दुसरा नियम तपमानाचा. स्वस्त पांढरी आणि रोझे गारठलेली असली की तिचे दोष झाकले जातात. स्वस्त लाल वाइन मात्र जूनच्या उकाड्यात २६-२७ अंशांवर ग्लासात आली की नुसतं अल्कोहोल नाकात जातं. बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवून द्यायला सांगा, तीच वाइन सुधारते. पाल्माहून सुटणाऱ्या बोटीवर स्पॅनिश तेम्प्रानियो (लाल) किंवा इटालियन पिनो ग्रिजियो (पांढरी) यादीत दिसली तर इतर कशापेक्षा त्या आधी घेऊन बघा. आणि वाइन जेवतानाच घ्या, त्याच हॉलमध्ये.

मुलगा-सून कॉकटेल घेणार असतील तर त्यांना सांगा : ज्यात लिंबाचा किंवा फळाचा रस आहे ते कॉकटेल फुकटात सगळ्यात वाईट बनतं, ज्यात नुसत्या बाटल्या ओतायच्या आहेत ते सगळ्यात चांगलं. मोहितोमध्ये खरं तर ताजं लिंबू पिळून २० मिली रस, पुदिना आणि साखर लागते. तासाला शंभर ग्लास भरणाऱ्या बारमध्ये लिंबू पिळायला कोण बसतं? त्याजागी बाटलीतलं हिरवट आंबट-गोड मिश्रण येतं. पिन्या कोलाडा, स्ट्रॉबेरी दाकिरी मशीनमध्ये गरगर फिरत असेल तर त्यात दारू नावालाच समजा. अल्कोहोल जास्त झालं तर मिश्रण गोठतच नाही, म्हणून मशीनला ते कमीच चालतं. त्यापेक्षा नेग्रोनी घ्या : जिन, कांपारी (कडवट इटालियन मद्य), गोड व्हर्मुथ (मसाला घातलेली वाइन), तिन्ही सारखे, ३०-३० मिली. यात बिघडवायला काही नाही. आपेरोल स्प्रिट्झही तसंच : ९० मिली प्रोसेको (फसफसती इटालियन वाइन), ६० मिली आपेरोल (कांपारीसारखंच, पण सौम्य), वर शिंतोडाभर सोडा. दोन्हींत ब्रँडच्या बाटल्या वापराव्याच लागतात, म्हणजे स्वस्त रॅकला वाव कमी. फक्त दोन्ही कडवट आहेत, सुनेला गोड आवडत असेल तर तिचा पहिला घोट वाया जाईल.

आता चहा. तुमच्या पत्रात तो शेवटी शेवटी आलाय, पण आमच्या मते या सहलीत पिण्याच्या बाबतीत हाल कोणाचे होतील तर काकूंचे. ऑल इन्क्लुझिव्हच्या चर्चा नेहमी दारूवर होतात आणि न पिणाऱ्या माणसाला जे मिळतं ते कोणी बघत नाही. बुफेवरचा सकाळचा ‘ऑरेंज ज्यूस’ बहुतेक ठिकाणी मशीनमध्ये पाणी घालून पातळ केलेला असतो. समोर पिळून देतात त्याचे पैसे वेगळे किंवा तो प्रिमियममध्ये. काकूंनी ज्यूसच्या नादी न लागता शेजारच्या टोपलीतलं अख्खं संत्रं उचलावं. मॉकटेल म्हणजे दोन सिरप आणि लेमोनेड, गोडमिट्ट. ‘फ्रेश लाइम सोडा’ हे नाव तिथे कळणार नाही. ‘सोडा, लिंबाच्या चार फोडी आणि थोडं मीठ’ असं सांगायचं आणि आपणच पिळायचं.

चहा बिघडतो तो तीन कारणांनी. बुफेवरच्या मशीनचं पाणी उकळतं नसतं, आणि काळ्या चहाला खळखळतं पाणी लागतं. पाण्यात तो क्लोरीनचा वास असतोच. आणि दूध म्हणजे बोटभर प्लास्टिकच्या डबीतलं टिकाऊ दूध, दहा-पंधरा मिलीचं, तापवलेल्या दुधाचा वास येणारं. त्यात ब्रिटिश पद्धत म्हणजे एक बॅग बुडवली-काढली. उकळलेल्या चहाची जीभ असलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच घर आठवतं.

याला तोड आहे. ब्रिटिश बोटींच्या खोलीत सहसा किटली असते (अमेरिकन बोटींवर बहुधा नसते, आणि स्वतःची नेलेली काढून घेतात, कारण तापणारी कॉइल त्यांना आगीसाठी चालत नाही). मुलाला बुकिंगमध्ये किटली आहे का ते बघायला सांगा. नाशिकहून आसाम सीटीसीच्या, म्हणजे दाणेदार चहाच्या, कडक टी-बॅग न्या. दिवसाला चार कप, कपाला दोन, म्हणजे सात दिवसांना ५६, साठ धरा. छोट्या डबीत सुंठ-वेलचीची पूड. किटलीत बाटलीबंद पाणी घाला, नळाचं नको. उकळी फुटल्या फुटल्या शंभर मिली पाणी दोन बॅगांवर ओतून बशी झाका आणि घड्याळ लावून चार मिनिटं थांबा. तोवर तुम्ही कॉफी बारवर जाऊन वाफेवर तापवलेलं दूध अर्धा कप मागून आणा. ‘लाटे’ कॉफीसाठी ते बनवतातच, ‘हॉट स्टीम्ड मिल्क’ म्हटलं की कळतं. कॉफी बार पॅकेजात नसेल तर बुफेवरच्या सीरियलजवळ जगमध्ये ताजं दूध असतं, ते ग्लासात भरून खोलीत ठेवा. उकळलेल्या चहाची सर येणार नाही, पण कडक, गरम, दुधाळ चहा होतो.

एक चूक मात्र टाळा. आपल्याकडे मिळणारी चहाची प्रिमिक्स पाकिटं, ज्यात दूध पावडर आधीच घातलेली असते, ती बॅगेत भरू नका. प्रवाशाच्या सामानातून बाहेरच्या देशातले दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे आणि पाल्मा स्पेनमध्ये आहे. नुसत्या टी-बॅगना आणि कोरड्या मसाल्याला ही अडचण नाही. पेढ्यांचा डबाही त्याच कारणाने घरी.

पाण्याच्या मशीनखाली स्वतःची बाटली थेट लावू नका, पोटाचे आजार पसरू नयेत म्हणून बोटीवर त्याला मनाई असते. ग्लास भरायचा, मग बाटलीत ओतायचा.

आता पैशांचं. खोलीतल्या दोघांनाही घ्यावं लागेल म्हणजे २० गुणिले २ गुणिले ७, एकूण २८० पौंड. पौंडाचे ११५ रुपये धरले तर ३२,२०० रुपये. त्यातले निम्मे काकूंच्या नावावर, ज्या घेतच नाहीत. समजा प्रिमियम न घेता तुम्ही एखादी चांगली माल्ट वेगळे पैसे देऊन घेतली आणि ग्लास आठ पौंडांना पडला, तर २८० पौंडांत पस्तीस ग्लास येतात : दिवसाला पाच, तेही रोज, बंदरात उतरून सगळा दिवस बाहेर गेलेल्या दिवशीसुद्धा. तुमच्या सवयीला हा हिशेब बसत नाही. साधंच ठेवा, आणि एखाद्या संध्याकाळी मन झालं तर तेवढ्या ग्लासाचे पैसे द्या. प्रिमियमच्या यादीत काकूंच्या उपयोगाचं काय आहे, म्हणजे कॉफी बार, पिळलेला रस, बाटलीबंद पाणी, तेवढं एकदा तपासा. साध्या पॅकेजात यातलं काहीच नसेल तरच फेरविचार.

मुलाच्या खोलीचं त्यांनी त्यांचं ठरवावं. पण चारही जणं एकाच बुकिंग नंबरवर असतील तर ‘खोलीतल्या सगळ्यांनी’ हा नियम ‘बुकिंगमधल्या सगळ्यांनी’ असा तर नाही ना, हे कंपनीला लेखी विचारून घ्या. तसं असेल तर दोन खोल्या वेगळ्या बुकिंगवर करून घेता येतात का, तेही आत्ताच विचारा. आणि घाई करू नका : प्रिमियम पहिल्या एक-दोन दिवसांत बोटीवरही घेता येतं का आणि त्याच दराने का, हे कळलं की पहिल्या संध्याकाळी चाखून ठरवता येईल. एक डबल स्कॉच, जेवताना एक ग्लास वाइन, जेवणानंतर एक कॉफी. तिन्ही चालल्या तर विषय संपला.

तुमच्या मित्राची क्रूझ अमेरिकन कंपनीची असेल तर त्याचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही, कारण तिथे गणितच वेगळं. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हलसारख्या कंपन्यांत दारूचं पॅकेज तिकिटाबाहेर विकत घ्यावं लागतं आणि त्याला दर ग्लासची कमाल किंमत असते : रॉयल कॅरिबियनची अलीकडच्या काळात १४ डॉलर, कार्निव्हलची २०. कार्निव्हलला तर चोवीस तासांत १५ दारूच्या ग्लासांची मर्यादाही आहे. किमतीच्या वर गेलं की काही कंपन्या फक्त फरक घेतात, काही सगळा ग्लास लावतात. तिथे पॅकेज आधी ऑनलाइन घेतलेलं बरं पडतं, बोटीवर महाग. सिल्व्हरसी, सीबोर्न, रिजंट या महागड्या कंपन्यांच्या तिकिटात खरोखरच चांगल्या बाटल्या येतात, पण त्या तिकिटाला दोन तुमच्यासारख्या क्रूझ होतील. आणि मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या जाहिराती बघून कोणी विचारत असेल तर : जेवण आणि करमणूक तिकिटात, दारू वेगळी.

बाटलीचं सांगतो. ड्यूटी फ्रीमधली व्हिस्की बोटीवर चढताना सामानाच्या एक्स-रेमध्ये दिसते, सहसा चिठ्ठी लावून ठेवून घेतली जाते आणि शेवटच्या रात्री परत मिळते. काही कंपन्या चढायच्या दिवशी माणशी एक वाइनची बाटली चालवून घेतात, पण स्पिरिट नाही. बंदरात घेतलेल्या बाटलीचंही तेच. मुलासाठी भेट म्हणून न्यायची असेल तर खुशाल न्या, परत मिळाल्यावर मँचेस्टरला उघडा. वाटेत युरोपात विमान बदलणार असाल तर ड्यूटी फ्रीची ती सीलबंद पारदर्शक पिशवी फाडू नका, नाहीतर पुढच्या तपासणीत बाटली जाईल.

आणि बोट लागू नये म्हणून एव्होमिन घ्यायची सवय असेल तर त्या संध्याकाळी व्हिस्की ठेवा बाजूला. ती गोळी झोप आणणारी आहे, दारूबरोबर दुपटीने आणते, आणि जहाजाचे जिने रात्री हलत असतात.